समजा विदर्भ हा देश असता: युरोपच्या वीजबाजारात बसण्याची रीत

युरोपीय संघाच्या वीजबाजाराला एखादा देश जोडायचा तर काय काय करावं लागतं, हे नुसती कलमं वाचून डोक्यात शिरत नाही. त्यापेक्षा ओळखीचा मुलूख घ्यावा आणि त्यावर काम करून बघावं. इथे विदर्भ हा देश धरला आहे. वेगळ्या विदर्भाच्या वादाशी याचा काही संबंध नाही. मोजायला जवळचं वावर घेतलं, एवढंच.

वावर मात्र या कामाला चांगलं आहे. चंद्रपूर २,९२० मेगावॅट, तिरोडा ३,३००, मौदा २,३२०, कोराडीचे ६६० चे तीन संच मिळून १,९८०, नांदगाव पेठ १,३५०, खापरखेडा १,३४० आणि पारस ५००. या सात ठिकाणांचीच बेरीज १३,७१० मेगावॅट होते. बहुतेक वीज कोळशाची, बरीचशी बाहेर जाणारी, आणि त्याच तारांखाली रब्बीच्या ओलितासाठी थ्री फेज कधी येईल याची वाट पाहणारा शेतकरी. बाल्कन देशांची अडचण साधारण अशीच आहे. गॅस आणि तेलाचे नियम वेगळे आहेत. इथे फक्त वीज.

दार आणि तक्ता

आधी ठरवायचं ते दार. संघाचा पूर्ण सदस्य होणं हा एक मार्ग. दुसरा ऊर्जा समुदायाचा: त्याच्या करारावर २५ ऑक्टोबर २००५ ला अथेन्समध्ये सह्या झाल्या, १ जुलै २००६ ला तो लागू झाला, आणि त्याचं सचिवालय व्हिएन्नात आहे. सर्बिया, अल्बानिया, बोस्निया-हर्जेगोविना, कोसोवो, मॉन्टेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया, मोल्दोवा, युक्रेन आणि जॉर्जिया या दारात उभे आहेत. आपला काल्पनिक देश याच रांगेत लागेल. नुसत्या तारा जोडल्या म्हणजे बाजार जोडला असं होत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा. १९५८ मध्ये जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांची जाळी स्वित्झर्लंडच्याच लाउफेनबुर्ग इथे एकत्र जोडली गेली; तरी संघाशी वीजकरार नसल्यामुळे तोच देश बाजारजोडणीच्या, म्हणजे सगळ्या देशांच्या बोली एकत्र जुळवण्याच्या व्यवस्थेच्या, बाहेर राहिला.

मग कायद्याचा तक्ता. युरोपात दोन तऱ्हेचे कायदे असतात. ‘निर्देश’ देशाने आपल्या कायद्यात उतरवायचा. ‘विनियम’ सदस्य देशांत थेट लागू होतो. विजेसाठी मुख्य जोडी २०१९ ची: निर्देश २०१९/९४४ आणि विनियम २०१९/९४३. ऊर्जा समुदायाच्या मंत्रिपरिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये ही जोडी आणि तिच्यासोबतच्या तांत्रिक संहिता आपल्या देशांसाठी स्वीकारल्या. त्या देशांना विनियमसुद्धा स्वतःच्या कायद्यात घ्यावा लागतो, आणि तोही शब्दाला शब्द.

तक्त्याला तीन रकाने करा: युरोपीय कलम, आपलं कलम, फरक. चौथा रकाना ‘कोण करणार’ असा जोडला तर पुढे भांडणं वाचतात. इथे हमखास होणारी चूक क्रियापदाची असते. मूळात ‘करील’ असतं, मसुद्यात ते ‘करू शकेल’ होतं. कुठे ‘शक्यतो’ घुसतं. छाननीत हेच शब्द सापडतात आणि आख्खं कलम परत येतं.

कंपन्या वेगळ्या करणं

आपल्याकडे ६ जून २००५ ला वीज मंडळाची विभागणी झाली: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक सूत्रधारी कंपनी. युरोपाच्या दृष्टीने हे अर्धंच काम. पारेषण कंपनी निर्मिती आणि विक्रीपासून तोडायचे तिथे तीन मार्ग आहेत: मालकीच वेगळी करणं, जाळं मालकाकडे ठेवून चालवायला स्वतंत्र संस्था आणणं, किंवा एकाच समूहात राहून कडक भिंती घालणं. सरकारी मालकी चालते, पण पारेषण आणि निर्मिती दोन वेगळ्या सरकारी संस्थांच्या हाती हवी, आणि एकीचा दुसरीवर ताबा नको. म्हणजे वरची एकच सूत्रधारी कंपनी पहिल्याच तपासणीत अडेल. सोपा उपाय: पारेषणाचे समभाग अर्थ खात्याकडे, निर्मितीचे ऊर्जा खात्याकडे. पण वार्षिक सभेत कोण मत देतं हे कागदावर दाखवावं लागतं.

तिसरा मार्ग घेतला तर बारीकसारीक गोष्टी आडव्या येतात. संगणक प्रणाली एक चालत नाही, इमारत एक चालत नाही, दाराचं ओळखपत्र वाचणारं यंत्रसुद्धा एक चालत नाही. एकाच आवारात निर्मिती आणि पारेषणाची कार्यालयं असली की झालं. मालमत्तेच्या यादीतही भांडण ठरलेलं: वीजकेंद्राच्या आवारातला स्विचयार्ड (जिथून वीज मोठ्या तारांवर चढते ती जागा) कोणाचा? सीमा ‘या आयसोलेटरच्या (तार तोडायच्या खटक्याच्या) या टोकापर्यंत’ अशी लिहून, एकरेषी आकृतीवर सही घेऊन ठरवा. हे नंतर करू म्हटलं की पुढची पाच वर्षं देखभालीचं बिल कोणीच भरत नाही.

सगळ्यात जड भिंत महावितरणाची. तार ओढणं आणि वीज विकणं ही युरोपात दोन वेगळी कामं आहेत. एक लाखापेक्षा कमी ग्राहकांच्या वितरकाला देश सूट देऊ शकतो. महावितरणाला ती मिळण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे तारमार्गावरचा लाइनमन एका कंपनीचा आणि बिल देणारा दुसऱ्या कंपनीचा. डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळाली तर फोन कोणाला करायचा, हा गावातला पहिला सवाल असेल. त्याचं उत्तर नियमावलीत हवं: तक्रार तारवाल्याकडे, रक्कम विक्रेत्याकडे, आणि बिलावर दोघांचे क्रमांक.

नियामक आयोगाबद्दल थोडक्यात. युरोपात सदस्यांची मुदत पाच ते सात वर्षं, एकदाच वाढवता येणारी, अंदाजपत्रक स्वतंत्र, आणि सरकारकडून सूचना घ्यायची नाही. आपल्या २००३ च्या वीज कायद्याचं कलम १०८ राज्य सरकारला आयोगाला धोरणात्मक निर्देश द्यायची मुभा देतं. तक्त्यात हे कलम लाल रंगात येईल.

पंधरा मिनिटांचं माप

आमच्या मते सगळं काम इथे अडतं. कायदा सहा महिन्यांत लिहून होतो, मीटर होत नाही.

नियम असा: बाजारातल्या प्रत्येकाने आपल्या हिशेबाच्या चुकीची किंमत मोजायची. विक्रेता आदल्या दिवशी सांगतो की उद्या दर पंधरा मिनिटांना माझे ग्राहक इतकी वीज घेतील. प्रत्यक्षात कमीजास्त झालं की त्या फरकाचा दर लागतो. भारतात दिवसाचे ९६ पंधरा-मिनिटी खंड आधीपासून आहेत. युरोपचा एकत्रित आदल्या-दिवसाचा बाजार ऑक्टोबर २०२५ मध्ये तासावरून पंधरा मिनिटांवर आला. म्हणजे वरच्या पातळीवर आपण मागे नाही. अडचण खाली आहे, बांधावर. कृषिपंपांच्या मोठ्या हिश्शाला मीटरच नाही, बिल अश्वशक्तीवर.

एक हिशेब करून बघा. एका कृषी फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेताकडे निघालेल्या एका तारमार्गावर, पाच एचपीचे ४०० पंप आहेत. पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट, ४०० पंपांचे सुमारे १,४९२ किलोवॅट, आणि पंधरा मिनिटांत ३७३ युनिट. (मोटार प्रत्यक्षात याहून जास्त ओढते, ते सध्या सोडा.) फिडर पाच मिनिटं चालून ट्रिप झाला तर १२४ युनिटच खपले. उरलेल्या २४९ युनिटांचा फरक विक्रेत्याच्या खात्यावर. अशी शेकडो फिडरं आणि दिवसाचे ९६ खंड धरा, म्हणजे फिडर ट्रिप होण्याला पहिल्यांदाच रोख किंमत येते.

प्रत्येक पंपाला स्मार्ट मीटर बसेपर्यंत थांबायची गरज नाही. युरोपातही छोट्या ग्राहकांसाठी ठरावीक वापर-आलेख (कोणत्या वेळी किती वीज लागते याचा सरासरी नमुना) चालतात. जर्मनीत घरांसाठी ‘एच-०’ आणि शेतीसाठी ‘एल-०’ असे आलेख आहेत. पण तो एल-० गोठ्याच्या आणि धान्याच्या शेतीचा. तो विदर्भाला लावला तर हिशेब पहिल्याच दिवशी कोसळेल. आपले आलेख आपणच करायचे, आणि किमान तीन.

पहिला पऱ्हाटी-हरभऱ्याचा, यवतमाळ-वर्धा पट्ट्याचा: विहिरीवरच्या मोटारी, भार मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुसरा संत्र्याचा, वरूड-मोर्शी-काटोल-नरखेडचा: खोल बोअर, सबमर्सिबल पंप, उन्हाळ्यातही भार उतरत नाही. तिसरा धानाचा, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीचा: खरिपात पावसाने दडी मारली की एकदम उसळी, आणि उन्हाळी धानाला सलग ओढ.

रीत अशी: प्रत्येक पट्ट्यातली गावठाणापासून वेगळी झालेली दहा कृषी फिडरं निवडा. ३३/११ केव्ही उपकेंद्रातल्या फिडर मीटरची पंधरा-मिनिटी नोंद चालू आहे का ते पाहा. अनेकदा यंत्र ती साठवतं, पण कोणी उतरवून घेत नाही. प्रत्येक फिडरवरच्या तीन डीपींना, म्हणजे एका पट्ट्यात तीस, मीटर लावा. एक पूर्ण वर्ष नोंदी घ्या. एक हंगाम पुरत नाही.

आता बिघाड कुठे होतो ते.

घड्याळ: मीटरचं घड्याळ सात मिनिटं पुढे असलं तर जवळपास अर्धी वीज शेजारच्या खंडात जाते. महिन्यातून एकदा वेळ जुळवा, आणि वाचन घेताना फरक लिहून ठेवा.

ऑटो स्विच: वीज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. पहिल्या खंडात आलेखाला सुळका येतो, व्होल्टेज पडतं, डीपी जळते. हा सुळका चुकीची नोंद समजून गाळू नका. तो खरा आहे. कपॅसिटर काढून टाकलेले असतील तर प्रवाह आणखी वाढतो.

कागदावरची अश्वशक्ती: रिवाइंडिंग केलेली मोटार नोंदीत पाच एचपीची, ओढ साडेसातची. म्हणून आलेखाची पट्टी मंजूर भारावर बसवू नका, मोजलेल्या युनिटांवर बसवा.

तारेवर टाकलेले आकडे: फिडरवर दिलेली वीज उणे नोंदलेल्या ग्राहकांच्या वापराची बेरीज, यातून तांत्रिक गळती वजा करून जे उरतं ते चोरीचं किंवा नोंद नसलेल्या जोडणीचं. युरोपीय हिशेबात ही वीज वितरकाने बाजारातून स्वतः विकत घ्यायची असते. हे कळल्यावर आकडे काढण्याची घाई कोणाला होते ते बघण्यासारखं असतं.

स्वस्त वीज कोणाच्या खिशातून

युरोपीय नियम स्वस्त विजेला बंदी घालत नाहीत. स्वस्ताई कुठे लपवली आहे, ते उघड करा म्हणतात. आज ती दोन ठिकाणी आहे: जिनिंग आणि बुटीबोरीच्या कारखान्याच्या जास्त दरात, आणि राज्याच्या अनुदानात. पहिली जागा बंद करावी लागते. जाळ्याचं भाडं खर्चाइतकंच, आणि सगळ्यांना एका न्यायाने. दुसरी चालते, पण अटींवर.

निर्देश २०१९/९४४ च्या कलम ५ मध्ये दुर्बळ घरांना किमतीचं संरक्षण देता येतं, आणि काही काळासाठी सूक्ष्म उद्योगांनाही: दहापेक्षा कमी माणसं आणि उलाढाल वीस लाख युरोपर्यंत. छोटा शेतकरी यात सहज बसतो. महाराष्ट्रात साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे. ती या चौकटीत बसवायची तर बिल पूर्ण किमतीचं छापायचं. समजा शंभर दिवस, रोज आठ तास, पाच एचपी: २,९८४ युनिट. दर उदाहरणापुरता सात रुपये धरला तर २०,८८८ रुपये. त्याखाली ‘शासनाने भरले: २०,८८८’ अशी वेगळी ओळ, आणि शेवटी शून्य. शेतकऱ्याच्या खिशाला फरक नाही. फरक असा की उद्या त्याने दुसरा विक्रेता निवडला तरी हे पैसे त्याच्यासोबत जातात.

यादी महसूल खात्याची नको, जोडणी क्रमांकावरची हवी. सातबाऱ्यावर चार भाऊ आणि मोटार एक, हा घोळ सगळीकडे आहे. रक्कम तिमाही सुरू होण्याआधी वेगळ्या खात्यात हवी. आपल्या कायद्याचं कलम ६५ हेच सांगतं: अनुदान आगाऊ द्या. पैसे उशिरा आले की विक्रेता उधारीवर चालतो, तो वीजकेंद्राला थकवतो, केंद्र कोळशाला. युक्रेनने १ जुलै २०१९ ला नवा बाजार सुरू केला, पण घरगुती दर खाली ठेवण्याची जबाबदारी सरकारी निर्मिती कंपन्यांवर टाकली. बाजार उघडला, आणि मोठा हिस्सा त्याच्या बाहेर राहिला. थकबाकीची साखळी वर्षानुवर्षं ओढावी लागली.

बाजार आणि सीमा

बाजार चालवणारी संस्था नेमायची, दुपारी बाराला (मध्य युरोपीय वेळ) बोली बंद करायची, बोली एकत्रित गणिताकडे पाठवायची. किंमत आणि सीमेवरचा प्रवाह एकदमच ठरतो. कमाल किंमत मेगावॅट-तासाला ४,००० युरो, म्हणजे युनिटला चार युरो. किमान उणे ५००. आपल्याकडच्या बाजारातली दहा रुपयांची कमाल मर्यादा तिथे घेऊन जाता येत नाही.

बाजार उघडण्याआधी नेत्यांना एक गोष्ट नीट सांगून ठेवा. सीमेपलीकडच्या व्यापारासाठी तारेची किमान ७० टक्के क्षमता मोकळी ठेवावी लागते. ‘आधी आमच्या गावांना, उरली तर बाहेर’ असा आदेश काढता येत नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला जाणारी १,५०० मेगावॅटची एचव्हीडीसी (उच्च दाबाची एकदिश प्रवाहाची) वाहिनी बंद करा, अशी मागणी भारनियमनात होईल. बाजारजोडणीनंतर तिचं उत्तर ‘नाही’ असंच असेल. गावातली वीज जाते ती बहुतेक वेळा डीपी आणि ११ केव्हीच्या तारेमुळे, हे समजावून सांगणं त्या दिवशी फार अवघड जातं, आधी सांगा.

तारा जुळवणं

भद्रावतीचं एचव्हीडीसी केंद्र पाहिलं असेल तर हा भाग अर्धा कळला. दोन जाळ्यांची फ्रिक्वेन्सी (प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं) एका ठेक्यात नसली की मध्ये असं केंद्र लागतं. तिथून पश्चिम आणि दक्षिण भारत १,००० मेगावॅटपर्यंत वीज देत-घेत. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणही देशाच्या ठेक्यात आली.

युरोपात येण्याआधी जाळं एकटं चालवून दाखवावं लागतं, एकदा हिवाळ्यात, एकदा उन्हाळ्यात. युक्रेनची हिवाळी चाचणी २४ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली, त्याच पहाटे युद्ध सुरू झालं. पुन्हा जुन्या रशियन जाळ्याला जोडण्याऐवजी १६ मार्चला युक्रेन आणि मोल्दोवा युरोपला जोडले गेले. बाल्टिक देशांनी ८ फेब्रुवारी २०२५ ला रशियन जाळं सोडलं आणि दुसऱ्या दिवशी युरोपचं धरलं.

एकटं चालायला राखीव ताकद लागते. मुख्य भूमीवरच्या युरोपात पहिल्या प्रतिसादासाठी मिळून ३,००० मेगावॅट ठेवतात, आणि ती ३० सेकंदांत पूर्ण यावी लागते. जुन्या कोळसा संचांचे गव्हर्नर (फ्रिक्वेन्सीप्रमाणे वाफ कमीजास्त करणारी यंत्रं) बरेचदा अडवून ठेवलेले असतात, कारण केंद्रातल्या लोकांना भार हलायला नको असतो. कागदावर राखीव, प्रत्यक्षात शून्य. तपासायची रीत सोपी: फ्रिक्वेन्सीच्या मागच्या दहा मोठ्या घसरणींच्या वेळी त्या संचाने किती मेगावॅट वाढवले, ते सेकंदाच्या नोंदीतून काढा.

हिशेब चुकला तर काय होतं ते २०१८ च्या सुरुवातीला दिसलं. सर्बिया आणि कोसोवोच्या वादात ११३ गिगावॅट-तास वीज कोणीच भरून दिली नाही. फ्रिक्वेन्सी किंचित खाली राहिली आणि विजेच्या ठेक्यावर चालणारी युरोपभरची घड्याळं मार्चपर्यंत सुमारे सहा मिनिटं मागे पडली.

बातमी आणि कार्बन

बिघाडाने एखाद्या संचाची शंभर मेगावॅट किंवा त्याहून जास्त क्षमता गेली की तासाभरात ते जाहीर करावं लागतं. चंद्रपूरच्या ५०० मेगावॅट संचात बॉयलर ट्यूब फुटली, तर पाळीच्या अभियंत्याने आधी नोंद टाकायची, मग फोन. बातमी बाहेर येण्याआधी कोणी त्यावर सौदा केला तर तो गुन्हा. म्हणून नियंत्रण कक्ष आणि विक्री विभाग यांच्यात थेट फोन ठेवू नका.

शेवटी कार्बन. १ जानेवारी २०२६ पासून संघात येणाऱ्या बाहेरच्या विजेवर सीमेवरची कार्बन आकारणी पूर्ण लागू आहे. सिमेंट-पोलादाला मिळणारी हळूहळू वाढीची सवलत विजेला नाही. कोळशाच्या एका मेगावॅट-तासामागे ०.९५ टन कार्बन डायऑक्साइड आणि टनाला ७० युरो धरले, तर ६६.५ युरोचा बोजा. एवढ्या बोजाखाली तिरोड्याची वीज बहुतेक तासांना विकलीच जाणार नाही. बाजार जोडलेल्या देशाला २०३० पर्यंत यातून सूट मिळण्याची वाट आहे. त्यासाठी तोवर युरोपच्या तोडीची स्वतःची कार्बन किंमत लावण्याचं वेळापत्रक द्यावं लागतं. त्याची तयारी संचागणिक करा: वर्षभराचा कोळसा, त्याचा उष्मांक, राखेचं प्रमाण, निघालेले युनिट. वणीचा कोळसा आणि उमरेडचा कोळसा एकाच ढिगात टाकून सरासरी काढली असेल तर पडताळणी करणारा ते आकडे घेणार नाही. वॅगन उतरतानाच नमुना वेगळा काढून त्यावर खाणीचं नाव लिहायला हवं.